डिमेन्शिया झालेल्या आईच्या नावावरचं सगळं भाऊ काढून घेतायत, आता काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, साताऱ्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. वडील बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. २०२१ मध्ये न्यूरॉलॉजिस्टने अल्झायमर्स सांगितला, तेव्हापासून गोळ्या चालू. धाकटा भाऊ बायकोमुलांसकट आईकडेच राहायला आला, मोठा पुण्यात, प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकला. मध्यंतरी ताईंना कळलं की फ्लॅट २०२३ मध्येच बक्षीसपत्राने धाकट्याच्या नावावर झालाय, एफडी मोडल्यात, पेन्शन दर महिन्याला एटीएममधून निघते, पाटल्या आणि बोरमाळ मोठ्या वहिनीकडे आहे आणि आता गावाकडच्या शेताच्या हक्कसोडपत्राची बोलणी चाललीत. विचारलं तर भाऊ म्हणतात, आईने राजीखुशीने दिलंय, तू सांभाळतेस का तिला? आईला फोनही देत नाहीत. ताई विचारतात की माझा हिस्सा वाचेल का आणि आईसाठी काय करता येईल.

ताई, मी दिवाणी वकिली करते आणि म्हाताऱ्या आईबापांच्या अशा केसेस बरीच वर्षं बघतेय, म्हणून आधी तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी वेगळ्या करते कारण त्या एकत्र राहिल्या की केस पहिल्याच दिवशी बिघडते. फ्लॅट, पेन्शन, एफडी, दागिने हे आईचं आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम १४ सांगतं की हिंदू बाईकडची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची, म्हणजे आई आहे तोवर त्यात भावांचा हिस्सा नाही, आणि तुमचाही नाही. तुम्ही "माझा हिस्सा" म्हणत कोर्टात उभ्या राहिलात की समोरचा वकील विचारणार, आई हयात असताना कसला हिस्सा? आणि मग बँक मॅनेजर असो, प्रांत असो की जज, सगळे तुम्हाला भावांच्याच ओळीत बसवतात, वारसांचं भांडण आहे, आपसात मिटवा म्हणतात. तेच तुम्ही आईच्या बाजूने गेलात, आईचा पैसा आईच्या औषधपाण्याला, सांभाळणाऱ्या मावशीला, डायपरला, डॉक्टरला लागला पाहिजे एवढंच मागितलंत, तर भावांना हिशोब द्यायची वेळ येते. म्हणून पुढचं सगळं मी याच बाजूने सांगतेय. अर्जात, नोटिशीत, पोलिसांसमोर, नातेवाइकांच्या बैठकीत, कुठेही "माझा वाटा" हा शब्द येऊ देऊ नका. आईने मृत्युपत्र केलेलं नसेल तर तिच्या पश्चात तुम्हाला भावांइतकाच वाटा मिळतो, त्यासाठी आज भांडायची गरजच नाही.

शेताचं मात्र वेगळं आहे. जमीन वडिलांची होती आणि त्यांच्या मागे वारस म्हणून सातबाऱ्यावर तुम्हा सगळ्यांची नावं लागली असतील तर तिथे तुमचा स्वतःचा हिस्सा आजच आहे, आईचा वेगळा आहे. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलीचा हक्क जन्मापासूनच, वडील कधी गेले याचा प्रश्न उरत नाही. हक्कसोडपत्र रजिस्टर व्हावं लागतं आणि तुमच्या हिश्शाचं तुमच्या सहीशिवाय होत नाही, त्यामुळे भाऊबीजेला ओवाळणीबरोबर कागद पुढे आला तर सही करायची नाही, "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हटलं तरी नाही. आईच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र ते करून घेऊ शकतात, तो धोका खरा आहे, त्याच्यावर पुढे बोलते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारखा. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून आईच्या सगळ्या सह्या रद्द, असं कायदा म्हणत नाही, आणि हे बऱ्याच लोकांना खूप उशिरा कळतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२ बघतं ते एवढंच, की सही करताना त्या माणसाला व्यवहार कळत होता का आणि त्याचा आपल्या भल्याबुऱ्यावर काय परिणाम होईल हे समजत होतं का. एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूस मधल्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो हेही त्याच कलमात आहे आणि भावांचा वकील नेमका तिथेच बोट ठेवणार, "त्या दिवशी आई एकदम ठीक होती" म्हणणार. अल्झायमर्सची सुरुवातीची माणसं सकाळी बरी असतात, संध्याकाळी गोंधळतात, त्यामुळे सकाळची अपॉइंटमेंट घेऊन दोन वाक्यं वदवून घेणं अवघड नसतं. याला उत्तर म्हणजे २०२१ पासून २०२३ पर्यंत आईची स्मृती कशी उतरत गेली याचा कागद. एमएमएसई ही स्मृतीची ३० मार्कांची टेस्ट न्यूरॉलॉजिस्ट बहुतेक वेळा करतातच, काही जण मोका किंवा एसीई या तशाच टेस्ट करतात, त्याचे आकडे ओपीडी पेपरवर असतात. २०२१ मध्ये २१ आणि बक्षीसपत्राच्या मागेपुढे १२ असं काही दिसलं तर केसचा कणा तिथेच तयार होतो. एमआरआय रिपोर्ट, डोनेपेझिल, मेमँटिन या डिमेन्शियाच्या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शन्स, मेडिकलवाल्याची बिलं, डोस कधी वाढवला ते, आई घराबाहेर पडून हरवली असेल तर तेव्हाची पोलिसांतली नोंद, एवढंच काय फॅमिली ग्रुपवर धाकट्यानेच टाकलेला "आज आईने मला ओळखलं नाही" असा मेसेज, सगळं तारखेनुसार लावून ठेवा. तो मेसेज फार मोलाचा आहे, कारण तो त्याच्याच हातचा.

हे कागद बहुतेक भावाकडे असणार. मग हॉस्पिटलकडे, डॉक्टरांकडे लेखी अर्ज करा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे भरती पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचं आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितलं की ७२ तासांत द्यायचं असतं. अधिकृत कोण यावर काही हॉस्पिटलं अडतात, अडू देत, अर्जाची पोच घ्या, नंतर कोर्टामार्फत मागवता येतं. पण ३ वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, जुने पेपर टाकून दिले की मग नुसती तोंडी साक्ष उरते.

इथे एक अवघड गोष्ट बोलते, रागावू नका. "माझे पैसे चोरले, माझ्या बांगड्या नेल्या" हे म्हणणं या आजाराच्या लक्षणांपैकीच एक आहे, अगदी नेहमीचं. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही आणि मेंदू ती फट चोरीने भरून काढतो, आणि आरोप बहुतेक त्याच माणसावर होतो जो दिवसभर तिचं करतो. म्हणून नुसतं आई फोनवर रडून म्हणाली एवढ्यावर भावजयीला चोर ठरवू नका. याच्या उलटही तितकंच खरं, "आईला काय, तिला भास होतात" असं म्हणून खरी चोरी पण झाकली जाते. दोन्हीवर उपाय एकच, आईचं म्हणणं आणि कागद शेजारी शेजारी ठेवायचे. पाटल्यांचं तर तुम्ही म्हणता लग्नातले फोटो आहेत, वडिलांनी केलेल्याची पावती असेल तर शोधा.

आणि धाकटा भाऊ जे म्हणतो की सांभाळतो मी, ते खोटं धरून चालू नका. चोवीस तासांची मावशी ठेवायची तर शहरात आज महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच जातं, त्यात डायपर, औषधं, फिजिओ, आणि ज्या घरात पेशंट रात्री तीनला उठून दार वाजवतो तिथे कोणाची झोप होत नाही. आईची पेन्शन आईवर खर्च होत असेल तर ते शोषण नाही. सांभाळणाऱ्याने त्याबद्दल काही रक्कम उघडपणे घेतली तरी मला गैर वाटत नाही. शोषण तेव्हा, जेव्हा खर्च महिना पंधरा हजार दिसतो आणि पेन्शन पस्तीस निघते, वरचे वीस कुठे जातात ते कोणी सांगत नाही, एफडी मोडल्यावर दोन महिन्यांत दारात गाडी येते, आणि आईला मात्र दोन वर्षांत न्यूरॉलॉजिस्टकडे नेलेलं नसतं. म्हणून पहिलं पत्र आरोपाचं नको, हिशोबाचं पाठवा. साध्या मराठीत, रजिस्टर पोस्टाने, दोघा भावांना: आईच्या खर्चात मलाही वाटा उचलायचाय, तिची पेन्शन, ठेवी आणि खर्च याचा हिशोब द्या, तिला भेटायला मी अमुक रविवारी येतेय. उत्तर आलं तर चांगलंच. नाही आलं किंवा शिव्या आल्या तर तेही पुढे कामाला येतं.

बँकेचं बोलू. बँक तुम्हाला आईचं स्टेटमेंट देणार नाही, गोपनीयता म्हणणार, आणि त्यांचं बरोबर आहे. पण बँकेला माहिती देण्यापासून तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. शाखेत जाऊन मॅनेजरना लेखी पत्र द्या, सोबत निदानाच्या कागदाची झेरॉक्स: खातेदाराला डिमेन्शिया आहे, एटीएम आणि मोबाइल बँकिंग दुसरं कोणी वापरतंय असं वाटतं, मोबाइल नंबर बदलला असल्यास तपासा, ठेव मुदतीआधी मोडण्याच्या अर्जावर खातेदाराला समक्ष बघितल्याशिवाय कारवाई करू नका. इनवर्डचा शिक्का घ्या. कोर्ट ऑर्डरशिवाय खातं गोठवत नाही म्हणतील, तरी शिक्का पडलेलं पत्र फाइलला असताना पुढची एफडी मोडायला सही घेणारा ऑफिसर दोनदा विचार करतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा सही करता न येणाऱ्या खातेदाराचे पैसे काढायची पद्धत रिझर्व्ह बँकेने सांगितलेली आहे, अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. म्हणजे कार्ड आणि पिन मुलाच्या खिशात, हा त्यातला मार्ग नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आईला कोण आणतं, की घरूनच मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, तेही बघा. खातं जॉइंट असेल, आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं, तर भाऊ पैसे काढू शकतो आणि बँकेला दोष देता येणार नाही, पण काढता येतात म्हणजे पैसे त्याचे झाले असं नाही, ते आईचेच राहतात आणि त्याला हिशोब द्यावा लागतो. नॉमिनीचंही तसंच, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

आता बक्षीसपत्र. आईवडिलांकडून मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला महाराष्ट्रात स्टॅम्प फक्त २०० रुपयांचा लागतो, स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा, त्यामुळे हे काम एका सकाळीत आणि थोडक्या खर्चात होऊन जातं. त्याची नक्कल तुम्हाला मिळू शकते. नोंदणी महानिरीक्षकांच्या साइटवर मोफत ई-सर्च आहे, तिथे सूची २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघा, दस्त नंबर घ्या आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. मिळकतीच्या दस्ताची प्रत कोणीही मागू शकतो, नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्ये तसं आहे. मृत्युपत्राचं मात्र उलट, रजिस्टर केलेलं असलं तरी आई हयात असेपर्यंत ते तिला किंवा तिच्या प्रतिनिधीलाच मिळतं, त्यामागे आज धावू नका.

प्रत हातात आली की शांतपणे वाचा. साक्षीदार कोण आहेत, धाकट्याचा मेहुणा आणि मित्र का. दस्त कोणी तयार केला, स्टॅम्पचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलंय का आणि ते न्यूरॉलॉजिस्टचं आहे की गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरने "मानसिक व शारीरिकदृष्ट्या सक्षम" असं एका ओळीत लिहून दिलेलं. नोंदणी कार्यालयात झाली की गृहभेटीने घरी. फोटोत आई कुठे बघतेय. आणि सही आहे की नुसता अंगठा, कारण जन्मभर मस्टरवर आणि दाखल्यांवर सह्या केलेली बाई जेव्हा घर देताना फक्त अंगठा लावते तेव्हा कोर्ट थांबून बघतं. सगळ्यात शेवटी हे बघा की आईला मरेपर्यंत तिथे राहायचा हक्क ठेवलाय का, "सांभाळ करण्याच्या अटीवर" असे शब्द आहेत का. नसतील तर प्रश्न पडतो की कोणती शहाणी बाई डोक्यावरचं एकमेव छप्पर विनाअट देऊन टाकेल, आणि असतील तर दुसरा रस्ता उघडतो, तो खाली सांगते.

कायद्याचा मुद्दा असा की जिथे एकाची इच्छा दुसऱ्याच्या मुठीत आहे, वय किंवा आजारामुळे मन दुबळं झालंय, तिथे करार कायद्याचं कलम १६ लागतं आणि व्यवहार वरवर बघता अन्यायाचा दिसला तर तो दबावाशिवाय झाला हे सिद्ध करायची जबाबदारी फायदा घेणाऱ्यावर येते. भावाला सिद्ध करायला लावायचं, हे तुमच्या वकिलाने पहिल्या दिवसापासून धरून ठेवायला हवं. दावा दस्त रद्द करण्याचा, साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात, वादी आई, आणि आईच्या वतीने तुम्ही नेक्स्ट फ्रेंड, म्हणजे तिच्यासाठी दावा चालवणारं माणूस म्हणून, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२ नियम १५ खाली. कोर्ट आधी स्वतः चौकशी करतं की आई खरंच आपलं हित सांभाळायला असमर्थ आहे का, ती पायरी वगळून चालत नाही, आणि तुमचा हितसंबंध आईच्या विरोधात नाही हेही बघतं, म्हणूनच वर म्हटलं की वाट्याची भाषा नको. दाव्याबरोबरच मनाई हुकमाचा अर्ज टाका की फ्लॅट विकू नये, गहाण ठेवू नये, आणि लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस रजिस्टर करा, नाहीतर उद्या तिसरा माणूस "मला काय माहीत" म्हणून उभा राहतो. सोसायटीलाही एक पत्र. मुदत ३ वर्षं, दस्ताबद्दल कळल्यापासून. अस्वस्थ मनाच्या माणसासाठी मुदत कायद्यात सवलत आहे पण तिच्या भरवशावर बसू नका, समोरचे म्हणणार की तुम्हाला २०२३ मध्येच माहीत होतं, म्हणून ही मुदत नोंदणीच्या तारखेपासूनच मोजून चालायचं.

भाऊ कुलमुखत्यारपत्र दाखवतील. आपल्याकडे लोकांचा पक्का समज आहे की आई बरी असताना मुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढे काळजी नाही. करार कायद्याचं कलम २०१ याच्या बरोबर उलट सांगतं, देणाऱ्याचं मन अस्थिर झालं की एजन्सी, म्हणजे मुखत्यारकी, संपते. ज्या दिवसासाठी लोक ते करून ठेवतात त्याच दिवशी ते निकामी होतं. त्यामुळे आई समजण्याच्या पलीकडे गेल्यावर त्या मुखत्यारपत्रावर केलेला कुठलाही व्यवहार तपासायला घ्या.

शेताच्या बाबतीत तर अजून वेळ आहे. सातबारा आणि 'आपली चावडी' ही फेरफाराच्या नोटिशींची सरकारी साइट आठवड्यातून एकदा बघत जा, फेरफाराची नोटीस पडली की १५ दिवसांत तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, लेखी हरकत. हरकत आली की नोंद तक्रारी होते आणि आपोआप मंजूर होत नाही, सुनावणी लागते. दुय्यम निबंधकांनाही आजच पत्र देऊन ठेवा. नुसत्या हरकतीवर ते दस्त नाकारत नाहीत हे खरं, पण समोर आलेला माणूस भानावर नाही असं दिसलं तर नोंदणी नाकारायची, हे नोंदणी कायद्याच्या कलम ३५ मध्येच आहे, आणि पत्र गेलेलं असलं की ते आईला दोन प्रश्न विचारतात. एक सांगते, काही वकील लगेच पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगतात. द्यायची तर मिळकतीबद्दल वाद आहे एवढंच लिहा. आईच्या आजाराचं नाव गावच्या पेपरात छापू नका, तिला शिकवलेली अर्धी गल्ली तो पेपर वाचते.

मग पुढे आईचे पैसे चालवायचे कोणी? इथे आपला कायदा फार अपुरा आहे आणि मला याचा मनापासून त्रास होतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, २०१७ च्या नव्या कायद्याने ती काढली. नवीन कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त उपचारांपुरता, बँकेत त्याचा उपयोग नाही. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेंसाठी आहे, डिमेन्शिया त्यात बसत नाही. गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा अल्पवयीन मुलांचा. म्हणून शेवटी हायकोर्टात रिट करून पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये कोमातल्या पेशंटसाठी पद्धत घालून दिली, मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये कोमात गेलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं, आणि डिमेन्शियाच्या पेशंटसाठीही हाच रस्ता धरला जातो. कोर्ट मेडिकल बोर्डाकडून तपासणी करवतं, सगळ्या मुलांचं म्हणणं घेतं, मिळकतीची यादी मागतं आणि पालकाला ठरावीक काळाने हिशोब द्यायला लावतं. सातारकरांना आता यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा त्याच्याकडे आहे. तुमच्या केसमध्ये मी एकट्या तुमचं नाव सुचवणार नाही, भावांचा विरोध नक्की आहे. तुम्ही आणि मोठा भाऊ मिळून, किंवा मामा, मावशी, आईची एखादी शिकलेली भाची असा तिसरा माणूस सुचवलात तर ऑर्डर लवकर होते.

ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा तुम्हाला कोणीतरी सांगितलाच असेल. प्रांताधिकाऱ्यांसमोर न्यायाधिकरण, निर्वाहभत्ता महिना कमाल १० हजार, खर्च जवळजवळ नाही. कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर रद्द होते. पण अट होती हे दाखवावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या सुदेश छिकारा निकालात ते स्पष्ट सांगितलं. जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात त्याच कोर्टाने हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने मोकळेपणाने वाचा म्हटलं आणि आईने मुलाला दिलेलं बक्षीस रद्द केलं, तिथे मुलाने सांभाळण्याचं वेगळं लिहूनही दिलेलं होतं. तुमच्यासाठी अडचण ही की अर्ज आईने किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाने करायचा असतो, आणि आई अधिकार द्यायच्या स्थितीत नाही. अशा वेळी ज्येष्ठांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था बरोबर घ्या, कलम २३ मध्येच तशी सोय आहे, किंवा न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घ्यावी अशी विनंती करा. धाकटा आईला खरंच नीट सांभाळत असेल तर मात्र या कलमाने काही होणार नाही, मग दिवाणी दावाच.

पोलीस. "घरगुती बाब आहे, दिवाणी आहे" हे ऐकायची तयारी ठेवा. खोटी सही, आई आयसीयूत असताना एटीएममधून निघालेले पैसे, असं ठोस काही असेल तर विश्वासघात, फसवणूक, बनावट दस्त यांचा गुन्हा होतो, १ जुलै २०२४ नंतरचं कृत्य असेल तर न्याय संहितेची कलमं, आधीचं असेल तर जुनी भादंवि. ठाण्याने घेतलं नाही तर एसपींना, तिथून मॅजिस्ट्रेटकडे. पण फिर्याद देण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर घरात बसून ठरवा: उद्या धाकट्याला उचललं आणि त्याची बायको माहेरी गेली, तर परवा सकाळी आईला आंघोळ कोण घालणार? तुम्ही नाशिकला नेणार असाल, नवऱ्याशी बोलणं झालं असेल, खोली तयार असेल, तर जरूर पुढे जा. नसेल तर आधी ती सोय करा. डिमेन्शियाच्या माणसाला घर बदलणंच झेपत नाही, जागा बदलली की काही दिवस गोंधळ वाढतो, म्हणून ही तयारी नोटिशीच्या आधी.

भेटू देत नाहीत हे मी सगळ्यात गंभीर धरते, कारण पैसे उशिरा परत मिळू शकतात पण आईची तब्येत बिघडतेय का हे बाहेरून कळत नाही. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा, ते चौकशी करतात. जाताना एकट्या जाऊ नका, दोन्ही बाजूंना चालणारं एखादं वडीलधारं माणूस, काका किंवा आईची जुनी सहकारी बाई, बरोबर घ्या. तिथे गेल्यावर पैशाचा विषय काढायचा नाही. आईचं वजन, नखं, पाठीवर जखम आहे का, गोळ्यांची पाकिटं कोणत्या तारखेची आहेत, ते बघा आणि घरी येऊन त्याच रात्री लिहून ठेवा. आईला "सही केलीस का गं" असं खोदून विचारू नका आणि त्याचा व्हिडिओ तर अजिबात काढू नका, ती गोंधळते, रडते, आणि तो व्हिडिओ कोर्टात तुमच्याच विरोधात जातो.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत, आईच्या आजाराचे कागद तारखेनुसार, सातबारा आणि फेरफार, हिशोबाच्या पत्राची पोच, बँकेच्या पत्राचा इनवर्ड शिक्का आणि आईच्या महिन्याच्या खर्चाचा तुमचा अंदाज एवढं न्या. भावांनी वकिलाच्या नोटिशीनंतर बोलायची तयारी दाखवली तर बोला, मी तर त्यालाच आधी जागा देईन: बक्षीसपत्र रद्द करून फ्लॅट परत आईच्या नावावर, पेन्शन एकाच खात्यात आणि एसएमएस तिन्ही भावंडांना, सांभाळणाऱ्याला महिन्याची ठरलेली रक्कम, दर तीन महिन्यांनी हिशोब. हे सगळं दाव्यात तडजोड म्हणून कोर्टासमोर नोंदवून घ्या, आई वादी असल्यामुळे कोर्टाची परवानगी लागतेच, घरगुती स्टॅम्पपेपरवर लिहून गप्प बसू नका.